यामाहा आरएक्स १०० मध्ये जास्त टूटी ऑइल टाकलं तर इंजिन जास्त टिकेल का?

तू विचारलंयस की आताच बोअर करून (सिलिंडर आतून थोडा मोठा कापून) नवा पिस्टन टाकलाय, ऑइल पंप काढलेला आहे, टाकीतच लिटरभर पेट्रोलला ३० मिली टूटी, म्हणजे टू स्ट्रोक इंजिनचं ऑइल, मिसळतोयस, तर इंजिन टिकावं म्हणून ५० करू का. नको करूस भावा. कार्बन साचेल, प्लग काळा पडेल, आणि मुख्य म्हणजे जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक) तोच असताना ऑइल वाढलं की त्यातून जाणारं पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिक्श्चर उलट लीन होतं, पेट्रोल कमी हवा जास्त, आणि पिस्टन तापतो.

टू स्ट्रोक फोर स्ट्रोकपेक्षा लवकर झिजते हे खरंच आहे, दर फेऱ्याला स्फोट आणि रिंगा दर फेऱ्याला सिलिंडरच्या भिंतीतल्या पोर्टच्या खिडक्यांवरून घासत जातात. पण मी ९३ पासून हीच गाडी चालवतोय आणि माझा अनुभव असा की इंजिनं धुळीने आणि फुकटच्या, म्हणजे कार्बोरेटर सोडून भलतीकडून आत शिरणाऱ्या हवेने मरतात. यात पेट्रोल, हवा, ऑइल सगळं आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमधून जातं, म्हणजे फिल्टर काढलास की धूळ नुसता पिस्टन नाही, खालचं बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं) पण खाते. आवाजासाठी फिल्टर काढणारी पोरं बघितली की खरंच वाईट वाटतं.

दुसरं ऑइल सील, क्रँकच्या दोन्ही टोकांना असतात ती. माझी गाडी एकदा अॅक्सिलरेटर सोडला तरी रेस उतरवेना, गॅरेजवाल्याने कार्बोरेटर ट्यून करून दिला, मी तशीच पळवली आणि खंबाटकी घाट चढताना पिस्टन पकडला, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकला. उघडल्यावर कळलं, मॅग्नेटच्या बाजूचं सील कडक होऊन तिथून हवा ओढत होतं. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल ओढतं आणि पांढरा धूर सुटतो, ते निदान दिसतं तरी. बोअर करताना दोन्ही सील बदललेत का ते विचार, नसतील तर आत्ताच बदलून घे. कारण पिस्टन पकडला की पुन्हा बोअर, स्टँडर्ड बोअर ५० एमएम, पुढे पाव पाव एमएमने पिस्टन वाढवायचा, असं किती वेळा करणार, आणि ९६ ला गाडी बंद झाल्यापासून ओरिजिनल ब्लॉक (सिलिंडर) शोधून सापडत नाही.

घाट उतरताना गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून लांबवर उतरू नकोस, पेट्रोल बंद म्हणजे तुझं ऑइल पण बंद, मधूनमधून थोडा पिळत राहा. सकाळी किक मारल्या मारल्या पण रेस नको, पिस्टन आधी फुगतो, ब्लॉक मागून तापतो.

५०० किमी झाले की प्लग काढून बघ. चॉकलेटी असेल तर ३० मिलीच चालू दे, पांढरट दिसला तर गाडी लगेच थांबव आणि आधी सील, मग जेट बघ.