चार जुन्या डेस्कटॉपवर आपली नवी डिस्ट्रिब्युटेड फाइल सिस्टिम कशी तपासायची? एवढी मशीन पुरतील का?

तुम्ही लिहिलंय की तिघांनी मिळून शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एक डिस्ट्रिब्युटेड फाइल सिस्टिम, म्हणजे अनेक मशीनवर मिळून फायली साठवणारी यंत्रणा, लिहिली आहे. ती प्रत्येक फायलीच्या तीन प्रती ठेवते, एका लॅपटॉपवर तीन प्रोसेस सुरू केल्या की नीट चालते, आणि आता लॅबमधले चार जुने डेस्कटॉप तुम्हाला मिळाले आहेत. मी बरीच वर्षं स्टोरेजमध्ये काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चार मशीन पुष्कळ झाली. २०१४ साली टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या पाच डिस्ट्रिब्युटेड सिस्टिममधले १९८ खरेखुरे बिघाड तपासले. त्यातले ९८ टक्के बिघाड तीन किंवा त्याहून कमी नोडवर (नोड म्हणजे क्लस्टरमधलं, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या मशीनच्या गटातलं, एक मशीन) पुन्हा घडवून दाखवता येत होते. त्यामुळे मोठं क्लस्टर नाही म्हणून आपली चाचणी कच्ची, असं मनात आणू नका. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. ज्या बिघाडांनी अख्खी सिस्टिम आडवी केली, त्यातल्या ९२ टक्क्यांच्या मुळाशी हाताळायला जमली असती अशीच एखादी एरर होती. ती आली होती, कोडला कळलीही होती, पण पुढे काय करायचं ते चुकीचं लिहिलं होतं किंवा लिहिलंच नव्हतं. म्हणून मशीनना हात लावायच्या आधी एक संध्याकाळ काढा आणि एरर पकडणारी तुमच्या कोडमधली प्रत्येक जागा तिघांनी मिळून वाचा. नुसता लॉग छापून पुढे जाणारी जागा दिसली, की तिथे थांबा.

आता मांडणी. चारही मशीन क्लस्टरमध्ये घालू नका. काही नोड पडले तरी काम चालू ठेवायला उरलेल्यांचं बहुमत लागतं: तीन नोडचं बहुमत दोन, चार नोडचं तीन. दोन्हीकडे एकच नोड पडलेला चालतो, मग चौथ्यानं काय मिळालं? त्याला बाहेर ठेवा. तो क्लायंट, तोच साक्षीदार.

या साक्षीदाराकडे एक वही असली पाहिजे, दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी. लिहायची विनंती पाठवण्याआधी एक ओळ: कोणती फाइल, कोणता भाग, कितवा क्रमांक. उत्तर आलं की दुसरी ओळ. ही वही चौथ्या मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवायची. तपासायच्या सिस्टिमवर चुकूनही नाही. मग तुम्ही क्लस्टरची हवी तेवढी मोडतोड करा, सगळे नोड परत उभे करा आणि वहीतली ओळन् ओळ ताडून बघा. सिस्टिमनं ज्याला ‘झालं’ म्हटलं, ते परत मिळालंच पाहिजे.

उत्तरं मात्र तीन प्रकारची असतात, आणि नवी टीम इथेच हमखास अडखळते. ‘झालं’, ‘झालं नाही’, आणि तिसरं, टाइमआउट, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तरच न येणं. टाइमआउट म्हणजे अपयश नव्हे. विनंती पोचून काम झालं असेल आणि फक्त उत्तर वाटेत हरवलं असेल, किंवा विनंतीच पोचली नसेल. वहीत त्यासमोर ‘माहीत नाही’ असं लिहा. ताडताना तिथे जुना किंवा नवा, कोणताही एक मजकूर चालेल. अर्धा जुना, अर्धा नवा चालतो का, हे तुम्ही वाचणाऱ्याला काय वचन दिलंय त्यावर ठरेल. ते वचन आधी कागदावर उतरवा, नाहीतर चाचणी कशाशी ताडणार?

फायलींमध्ये काय भरायचं, हाही प्रश्न साधा नाही. शून्यांनी भरलेल्या फायली वापरू नका. हरवलेला ब्लॉक म्हणजे फायलीत पडलेलं भोक, आणि ते वाचलं की शून्यंच मिळतात. मी हे प्रत्यक्ष पाहिलंय: चाचणी दिवसभर हिरवी होती आणि डेटा जागेवर नव्हता. प्रत्येक ४ केबी ब्लॉकच्या सुरुवातीला फायलीचं नाव, ब्लॉकचा क्रमांक आणि लिहिण्याचा अनुक्रम घाला, उरलेल्या जागेत ठरावीक बीजापासून (सीडपासून) काढलेले, म्हणजे पुन्हा तसेच काढता येणारे, रँडम आकडे भरा. मग चूक सापडली की ब्लॉक स्वतःच सांगतो: मी दुसऱ्याच फायलीतला आहे, किंवा मी तीन आवृत्त्या जुना आहे. नुसता चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) चुकला एवढं कळून माणूस रात्र रात्र शोधत बसतो.

एका लॅपटॉपवर जे कधीच दिसलं नाही, ते आता दिसेल. पहिलं, घड्याळ. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बहुधा संपलेला असतो, आणि मशीन सुरू होताना काही वर्षं मागची तारीख धरतं. आधी चारही मशीनवर क्रोनी चालवून वेळ जुळवा. सगळं स्थिर झालं की मुद्दाम एका नोडचं घड्याळ दोन मिनिटं पुढे ढकला. तुमचे लॉक किंवा लीज (ठरावीक मुदतीपुरते दिलेले हक्क) मशीनच्या घड्याळातल्या वेळेवर अवलंबून असतील, तर तिथेच उघडे पडतील.

दुसरं म्हणजे डिस्क, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण यावर मी स्वतः पोळलोय. आम्ही मेटाडेटा (फायलींबद्दलची माहिती) तात्पुरत्या फायलीत लिहून मग तिचं नाव बदलायचो. किल मायनस नाइन ही कमांड देऊन प्रोसेस तडकाफडकी मारायच्या, परत उठवायच्या, हे आठवडाभर सतत चाललं होतं. एकही दोष नाही. मग एका दुपारी लाइट गेली आणि यूपीएसनं दम तोडला. मशीन उठली तेव्हा नावं नवी होती आणि आत शून्य बाइट. तीनही नोड एकाच लाइनवर होते, त्यामुळे तीनही प्रती एकदमच गेल्या.

कारण साधं आहे. प्रोसेस मारली तरी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जिवंत असतो. पेज कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरतं रॅममध्ये, पडलेलं तो सावकाश डिस्कवर नेतोच. म्हणजे कोडमध्ये एकही एफसिंक (डेटा आत्ताच डिस्कवर उतरवायला सांगणारा कॉल) नसलं, तरी किल मायनस नाइनची चाचणी पास होते. खरी परीक्षा वीज जाण्याची. नाव बदलण्याआधी फायलीवर एफसिंक, नाव बदलल्यावर त्या डिरेक्टरीवर एफसिंक, आणि त्यानंतरच ‘झालं’ म्हणायचं. तपासायला दरवेळी प्लग उपटायची गरज नाही. लिनक्समध्ये सिसआरक्यूच्या (कर्नलला थेट हुकूम देण्याच्या सोयीच्या) ट्रिगर फायलीत ‘बी’ अक्षर लिहिलं की मशीन काहीही सिंक न करता तत्काळ रीबूट होतं. डिस्कचा स्वतःचा कॅश त्यात टिकून राहतो, म्हणून अधूनमधून खरा प्लगही काढा, आणि तीनही मशीनचा एकदम काढा.

एफसिंकनं एरर दिली तर? पुन्हा एफसिंक करून बघू, असं सुचतं. तसं करू नका. लिनक्सवर दुसऱ्या वेळी ते यशस्वी झाल्याचं सांगू शकतं आणि डेटा मात्र डिस्कवर गेलेलाच नसतो. २०१८ मध्ये यावरून पोस्टग्रेसक्यूएलसारख्या मुरलेल्या डेटाबेसलाही आपली वागणूक बदलावी लागली. अशी एरर आली की तो आता स्वतःला बंद करून, बदल आधीच नोंदवून ठेवलेल्या लॉगवरून सावरतो. तुमच्या नोडनंही अशा वेळी बंद पडावं, हेच बरं. दोन प्रती शाबूत आहेत की.

तिसरं, नेटवर्क. केबल काढणं ही सगळ्यात सोपी चाचणी, ती होईलच. अवघड असतो तो अर्धमेला नोड. आयपीटेबल्सनं (लिनक्सच्या फायरवॉलच्या कमांडनं) एकाच दिशेचा रस्ता बंद करा: पहिल्याचं दुसऱ्याला ऐकू येतंय, दुसऱ्याचं पहिल्याला नाही. मग नेटवर्क मुद्दाम बिघडवणाऱ्या, टीसी कमांडच्या नेटएमनं २०० मिलिसेकंद विलंब आणि एक टक्का पॅकेट गळती लावा. हे एसएसएचवरून, म्हणजे दुरून लॉगिन करून, करत असाल, तर पाच मिनिटांनी नियम आपोआप पुसणारी कमांड आधी लावून ठेवा. नाहीतर तुम्हीच बाहेर अडकाल आणि लॅबची किल्ली असलेल्या माणसाला शोधत फिराल.

डिस्क भरण्याची चाचणी विसरू नका. प्रत्येक नोडला २ जीबीचं छोटं पार्टिशन द्या आणि ते काठोकाठ भरा. जागा संपल्यावर फाइल पुसता येते का? पुसण्याची नोंद करायलाही जागा लागते, आणि ती नसल्यानं कायमच्या अडकलेल्या सिस्टिम मी पाहिल्या आहेत.

वेगाबद्दल थोडक्यात. १ गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी जातात. त्याहून मोठा आकडा दिसला, तर तुम्ही रॅम मोजताय; फायली रॅमपेक्षा मोठ्या घ्या. क्लायंटच तिन्ही प्रती पाठवत असेल, तर त्या १२५ चे तीन वाटे होतात. आणि आकडा १२ च्या आसपास अडकला, तर लॅबचा स्विच जुना १०० मेगाबिटचा आहे का, ते आधी बघा.

तयार साधनंही वापरा. पीजेडीएफएसटेस्ट परवानग्या, नावबदल, लिंक हे सगळं पॉझिक्सप्रमाणे (युनिक्ससारख्या सिस्टिमच्या ठरलेल्या मानकाप्रमाणे) वागतं का ते तपासतं. एफएसएक्स एकाच फायलीवर वाचणं, लिहिणं, छाटणं असं उलटसुलट करत राहतं आणि प्रत्येक पावलाला मजकूर ताडतं. ही दोन्ही एका नोडवर पास होईपर्यंत तीन नोडवर जाण्यात वेळ दवडू नका.

आणि प्रोजेक्ट रिपोर्ट या सिस्टिमवर ठेवू नका. सेफ (Ceph) या प्रसिद्ध डिस्ट्रिब्युटेड स्टोरेज सिस्टिमचा शोधनिबंध २००६ चा, त्याचा क्लायंट लिनक्स कर्नलमध्ये आला २०१० ला, आणि त्याची फाइल सिस्टिम स्थिर म्हणून जाहीर झाली २०१६ च्या ज्युएल आवृत्तीत. तुमच्या हातात एक सत्र आहे. तेवढ्यात तुमची सिस्टिम सगळ्या बाजूंनी भक्कम होणार नाही, पण ती कुठे कुठे मोडते याची नेमकी यादी तयार होऊ शकते. परीक्षक मी असतो, तर सगळ्यात आधी ती यादीच मागितली असती.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही: मुख्य नोड कोण, हे ठरतं कसं? नुसत्या हार्टबीटवर (नोड ठरावीक वेळानं पाठवतात त्या ‘मी जिवंत आहे’ संदेशावर) ठरत असेल, तर आज रात्रीच एक करून बघा. मुख्य नोडच्या प्रोसेसला सिगस्टॉप देऊन ४० सेकंद गोठवा, तोवर दुसरा मुख्य होऊ द्या, मग सिगकॉन्ट देऊन जुन्याला जागं करा. तो जागा झाल्याबरोबर काय लिहितो, आणि बाकीचे दोघं ते स्वीकारतात का, ते इथे कळवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.