कॅटकिनवरचे बारीक तपकिरी पेले मायक्रोस्कोपने कसे ओळखायचे?

तुमचा प्रश्न असा: कुमाऊँत उतीसच्या (हिमालयातल्या आल्डरच्या) झाडाखाली पडलेल्या जुन्या कॅटकिनवर, म्हणजे शेपटीसारख्या फुलोऱ्यावर, दांडीवर उभे राहिलेले तपकिरी पेले मिळाले, डबीत घालून इंदूरला आणले, कॉलेजचा साधा मायक्रोस्कोप हाताशी आहे, आणि फोटोवरून ही सिबोरिया अमेंटेसिया नावाची बुरशी वाटते. वंश सिबोरिया असू शकतो, पण फोटोवरून जात ठरत नाही.

आधी डबीत ओला टिश्यू पेपर घाला. आपल्याकडच्या उन्हाळी हवेत पेला बघता बघता आकसतो, आणि मेलेले ॲस्कस (बीजाणूंच्या सूक्ष्म पिशव्या) जिवंतपणीपेक्षा बरेच बारीक भरतात. मग मापं कशाशीच जुळत नाहीत. एक पेला तोंड खाली करून, कव्हरस्लिपपासून जेमतेम वर, ओलसर डबीत रात्रभर ठेवा. सकाळी काचेवर जी पांढुरकी धूळ दिसेल ते पिकून आपणहून उडालेले बीजाणू. मोजायचे तेच, ॲस्कसमधले कच्चे नकोत.

दुसरा पेला दाढीच्या नव्या ब्लेडने उभा चिरून अगदी पातळ काप घ्या. जाड काप घेतला की ॲस्कस एकावर एक येतात आणि टोक दिसतच नाही. पहिली स्लाइड साध्या पाण्यात करा. प्रयोगशाळेत सवयीने लॅक्टोफिनॉल कॉटन ब्ल्यू हे निळं रंगद्रव्य उचललं जातं, पण त्याने पेशी मरतात आणि बीजाणूतले तेलाचे थेंब एकमेकांत मिसळतात. थेंब आहेत की नाहीत, किती आणि कुठे, ही ओळखीची मोठी खूण असते. ती पाण्यातच टिपून घ्या, चित्र काढा, मग रंग.

मोजण्यात सगळ्यात जास्त गफलत होते. आयपीसमधल्या पट्टीचे भाग म्हणजे मायक्रोमीटर नव्हेत. स्टेज मायक्रोमीटरचा, म्हणजे मापपट्टी कोरलेल्या स्लाइडचा, एक भाग ०.०१ मिलिमीटरचा असतो. त्यावरून प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी वेगळा हिशेब काढावा लागतो. ४०च्या ऑब्जेक्टिव्हला पट्टीचा एक भाग बहुधा २.५ मायक्रोमीटरच्या आसपास येतो. ५ मायक्रोमीटर रुंदीचा बीजाणू तिथे जेमतेम दोन भाग व्यापतो, म्हणजे अर्ध्या भागाची चूकही पाव रुंदीची झाली! म्हणून तेल घालून १००ची ऑब्जेक्टिव्ह वापरा आणि निदान २० बीजाणू मोजा.

यानंतर आयोडीन. त्याच्या दोन द्रावणांपैकी मी मेल्झरपेक्षा लुगॉलच सुचवीन: मेल्झरमधल्या क्लोरल हायड्रेटमुळे काही बुरशांची प्रतिक्रिया झाकली जाते, शिवाय ते मिळवणंही कठीण. लुगॉलसाठी १ ग्रॅम आयोडीन, ३ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, १०० मिली पाणी. दवा बाजारात पॅथॉलॉजीचं सामान ठेवणाऱ्यांकडे विचारा, मात्र ग्रॅम स्टेनचं (जिवाणू रंगवण्याचं) आयोडीन पातळ असतं, फिका रंग त्यात निसटतो. कव्हरस्लिपच्या एका कडेला थेंब सोडा, दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढा. पिकलेल्या पण न फुटलेल्या ॲस्कसच्या टोकाशी दोन बारीक निळ्या रेघा दिसल्या तर सिबोरियाशी जुळतं.

सिबोरिया अमेंटेसियाचे बीजाणू लंबगोल, गुळगुळीत, साधारण ७ ते १० मायक्रोमीटर लांब आणि ४ ते ६ रुंद. हेझलवरच्या सिबोरिया कोरिलीचे बरेच मोठे. विलो आणि पॉप्लरवरची सिबोरिया कॉकस बीजाणूंवरून वेगळी काढणं अवघड, तिथे झाडच निर्णय देतं. उतीसच्या जातभाईंच्या मादी फुलोऱ्यांवर, त्या छोट्या शंकूंवर, हिरवट तपकिरी सिबोरिया विरिडिफुस्का येते. त्यामुळे कॅटकिन नर होतं की मादी हे आधी बघा. पेल्यावर पांढरे केस असतील तर लॅक्नम हा वेगळाच वंश. बीजाणू लांबट, टोकाला निमुळते आणि तेलाने भरलेले असतील तर हायमेनोसायफस हा आणखी एक वंश. दांडी कुठून निघते तेही चिरून पाहा: सिबोरियात कॅटकिनचा तो भाग बुरशीने व्यापून कडक झालेला असतो.

ही मापं युरोपातल्या झाडांवरची आहेत. तुमचं यजमान झाड हिमालयातलं, म्हणून सगळं जुळलं तरी वहीत ‘सिबोरिया, अमेंटेसियासारखी’ असंच लिहा. नमुना सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा, सोबत त्याच झाडाचं पान, गाव, उंची, तारीख आणि पाण्यातली मापं. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलात तर आठवड्यात त्यावर दुसरीच बुरशी चढेल.

इंदूरच्या आसपास शोधायचं असेल तर नर्मदेकाठी वाळुंजाखाली गळलेले फुलोरे उलटून पाहा. तोही विलोच आहे.