सूट नाशिकचा की बँकॉकचा, आणि त्याआधी २५ ऑक्टोबर

प्रश्न: वय ५१, नाशिकला राहतो, सातपूरच्या एका कारखान्यात नोकरी. हातात महिना ९२,००० येतात, घराचं कर्ज फिटलंय, दिवाळीचा बोनस ६०,००० मिळेल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात थोरल्या मुलाचं लग्न आहे. रिसेप्शनसाठी चार सूट हवेत: नवरदेव, धाकटा, मी आणि मानाचा म्हणून व्याह्यांना एक. मॉलमध्ये परदेशी ब्रँडचा सूट ६२,००० ला आहे. लंडनचा भाचा म्हणतो, तोच तिथे ३५० पौंडांना, म्हणजे ४१,००० ला मिळतो. आपल्याकडे इतका महाग का? भाच्याला आणायला सांगू, की चौघं बँकॉकला जाऊन शिवून आणू? पॅकेज माणशी ५५,०००, सूट तिथे १५,००० त होतो, फिरणंही होईल. इथला टेलर नुसती शिलाई ९,००० सांगतो. पैशांची अडचण नाही. बँक ४ लाख ८० हजारांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी देतेय. त्यातच डिसेंबरचा पॉलिसीचा २ लाखांचा हप्ता निघेल. (बँकेतल्या मॅडमनी दिलेली, १२ टक्के हमखास. दहापैकी दोन हप्ते भरलेत, विसाव्या वर्षी ४४ लाख मिळणार.) अकरा वर्षं भरत होतो ती घरची मेडिक्लेम यंदा, २०२५ मध्ये, २५ सप्टेंबरला भरली नाही. कंपनीचा विमा आहेच, आणि माझी बीपीची गोळी सोडली तर दोघांनाही काही नाही. ते ३८,००० कपड्यांना होतील.

उत्तर: सूटचं सांगतो. त्यात तुमची शंका बरोबरही आहे. पण पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे, आणि तिला मुदत आहे. म्हणून हे प्रसिद्ध होण्याची वाट न पाहता पत्र मिळालं त्याच रात्री तुम्हाला ईमेल केली: मेडिक्लेम भरून टाका. इथे कारणं लिहितो, कारण लग्नाच्या वर्षात मेडिक्लेम सोडणारं तुमचं तिसरं घर मला या मोसमात भेटलं.

वार्षिक हप्ता चुकला तर ३० दिवसांची वाढीव मुदत मिळते. तुमची २५ ऑक्टोबरला संपते. त्याआधी भरलंत तर मधल्या दिवसांत आलेलं आजारपण तेवढं विम्याबाहेर राहतं, बाकी अकरा वर्षांची सलगता शाबूत. त्यानंतर मात्र तुम्ही नवे ग्राहक. बीपी जाहीर करावं लागेल आणि त्याच्याशी जोडलेल्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकेल. सलग ६० महिने पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, ‘तुम्ही अमुक लपवलं होतं’ म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. हे संरक्षण तुम्ही कधीच कमावलंय, ते पुन्हा शून्यापासून मोजलं जाईल.

कंपनीचा विमा नोकरीसोबत जातो. ५८ व्या वर्षी, बीपीसह, नवा मेडिक्लेम मागायला गेलात तर काय भाव लागतो ते एकदा विचारून बघा. तुम्ही एकदाही क्लेम न करता भरलेली अकरा वर्षं त्याच दिवसासाठी होती.

आणि हप्ता आता ३८,००० राहिलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. तुमच्या ३८,००० त सुमारे ५,८०० कराचे होते. कंपनीने मूळ दर वाढवला नसेल तर ३२,००० च्या आसपास काम होईल. २५ ऑक्टोबर हा चौथा शनिवार आहे, बँका बंद, आणि त्याआधी दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या आधी भरा.

आता सूट. त्याच २२ सप्टेंबरला २,५०० रुपयांवरच्या तयार कपड्यांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. पण तुम्हाला दिसलेला फरक त्यातून आलेला नाही. लंडनच्या बिलातही २० टक्के व्हॅट असतो, म्हणजे काउंटरवरचा कर दोन्हीकडे जवळपास सारखाच. फरक पडतो बंदरावर. परदेशात शिवलेल्या सूटवरचं मूळ सीमाशुल्क जुलै २०१८ मध्ये १० वरून २० टक्के झालं, त्या शुल्कावर आणखी १० टक्के अधिभार. म्हणजे १०० रुपयांचा सूट उतरतानाच १२२ चा होतो. पुढचा आयातदार, वितरक, दुकानदार आपापला टक्का या १२२ वर लावत जातो आणि शेवटी सगळ्याच्या डोक्यावर १८ टक्के.

दुसरं कारण शुल्काइतकंच मोठं आहे, पण त्याची चर्चा होत नाही. आपल्याकडे सूट लग्नसराईत विकला जातो. दुकानदाराला प्रत्येक रंगात, प्रत्येक कापडात ३६ पासून ४६ पर्यंतची सगळी मापं बारा महिने मांडून ठेवावी लागतात. मॉलचं भाडं दर महिन्याला चालू, माल मात्र वर्षातले चार महिने हलतो. न खपलेल्या ४६ नंबरच्या कोटाचे पैसे ४० नंबरवाल्याच्या बिलात असतात. शिवाय परदेशात कामावर सूट घालणारा माणूस दर वर्षी एखादा घेतो, आपल्याकडे तो मुंजीनंतर एकदम लग्नात. थोड्या विक्रीवर सगळा खर्च काढायचा म्हणजे भाव चढाच लागणार. आणि परदेशी नावाला चढा भाव शोभतो, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. टॅग उलटून पाहा. सूट बांगलादेशात शिवलेला असेल तर त्यावर सीमाशुल्क बहुधा लागलेलंही नसेल, किंमत मात्र तीच असेल.

भाच्याचा मार्ग? चार सूट म्हणजे १ लाख ६५ हजार. ब्रिटनने १ जानेवारी २०२१ पासून प्रवाशांना व्हॅट परत देणं बंद केलंय, तेव्हा ती आशा ठेवू नका. आपल्या विमानतळावर ऑक्टोबर २०२५ च्या नियमाने माणशी ५०,००० पर्यंतचं सामान करमुक्त, वरच्या १ लाख १५ हजारांवर ३८.५ टक्के, म्हणजे ४४,०००. एकूण २ लाख ९ हजार. मॉलमध्ये चार सूट २ लाख ४८ हजारांना पडतील. वाचले ४०,०००, आणि खांद्यात बसला नाही तर परत करायला लंडन गाठायचं. भाच्याला सगळं घोषित न करता आणायला सांगणार असाल तर तो सल्ला मी देणार नाही.

बँकॉकचा हिशेब तर तुम्ही केलेलाच नाही. पॅकेजचे २ लाख २० हजार, सूटचे ६०,०००: २ लाख ८० हजार. म्हणजे मॉलपेक्षाही महाग. वर पॅकेजवर २०२५ च्या दराने ५ टक्के टीसीएस (पॅकेज विकणारा आधीच वसूल करतो तो आयकर), ११,००० रुपये, जे पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर सुटतील. फिरायला जायचं असेल तर लग्नाचा शीण उतरल्यावर जोडीने जा, पैसे साठवून. दोन दिवसांत शिवून मिळणारा कोट बहुधा फ्यूजिंगचा असतो, आतला थर गोंदाने डकवलेला. बँकॉकच्या सुखुमवित रस्त्यावरचे बरेच टेलर मूळचे भारतीयच आहेत. त्यांच्या हातात कौशल्य आहे, पण तुमच्याकडे दुसऱ्या ट्रायलला वेळ नाही.

म्हणून इथेच शिवा. ९,००० शिलाई तुम्हाला जास्त वाटते, मला वाटत नाही. मोजमाप, कटिंग, छातीत कॅनव्हास, अस्तर, काजं, दोन ट्रायल, एवढं काम तो माणूस करतो. कापडावर जीएसटी ५ टक्केच आहे, कितीही महाग घेतलंत तरी. २,००० रुपये मीटरचं चांगलं वुल-ब्लेंड सव्वातीन मीटर लागेल: साडेसहा हजार. शिलाईसह साडेपंधरा. चौघांचे मिळून ६२,०००. मॉलमधल्या एका सूटचे पैसे! दुकानदार ‘सुपर १२०’, ‘सुपर १५०’ असे आकडे सांगेल. तो लोकरीच्या धाग्याचा बारीकपणा आहे. आकडा जितका मोठा तितकं कापड नाजूक आणि लवकर चुरगळणारं. वर्षातून तीनदा घालायच्या सूटला सुपर १०० पुष्कळ झालं.

म्हणजे सूट ६२,००० आणि मेडिक्लेम ३२,०००, मिळून ९४,०००. बोनस आणि दोन पगारांतून हे आरामात भागतं. मग कर्ज कशासाठी? ४ लाख ८० हजार, १४ टक्के, तीन वर्षं: महिना साधारण १६,४००, आणि व्याज १ लाख १० हजार. लग्न होऊन तीन वर्षं हप्ता चालू राहील. यातले २ लाख पॉलिसीत टाकायचे आहेत. १४ टक्क्यांनी उचलायचं आणि पॉलिसीला द्यायचं, कारण ती १२ टक्के देते? आकडा खरा असता तरी तोटा होता. आकडा खोटा आहे.

मॅडमनी काय केलं असणार ते सांगतो, कारण ही आकडेमोड मी कित्येक घरांत कागदाच्या मागे पेनाने लिहिलेली पाहिली आहे. भरायचे २० लाख, मिळणार ४४, फायदा २४. म्हणजे १२० टक्के. त्याला दहाने भागलं, आले १२. दहाने का? हप्ते दहा वर्षं भरायचे म्हणून. पैसे मात्र वीस वर्षं अडकतात. चक्रवाढीने नीट मोजलं तर परतावा ५ टक्क्यांच्या किंचित वर आहे. हे बँकेच्या टेबलामागे बसणाऱ्याला कळत नाही, असं मी मानायला तयार नाही. आयुष्यभर बँकेवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला एफडीसारखं सांगून हे विकतात, याचा मला मनापासून राग येतो.

४४ लाख हातात येतील तेव्हा तुम्ही ६९ चे असाल, निवृत्त होऊन अकरा वर्षं झालेली. महागाई ६ टक्के धरली तर ते आजचे १५ लाख.

आता मार्ग. दोन हप्ते भरलेली जुनी पॉलिसी मोडली तर हातात भरलेल्याच्या ३०-३५ टक्के येतील, म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. मोडू नका. ‘पेड-अप’ करा: पुढचे हप्ते बंद, पॉलिसी लहान होऊन चालू. दहापैकी दोन हप्ते म्हणजे ४४ च्या दोन-दशांश, ८ लाख ८० हजारांपर्यंत, त्याच विसाव्या वर्षी. नेमका आकडा विमा कंपनीकडून लेखी मागा, बँकेकडून नको. जीवन विम्याची रक्कमही कमी होईल, पण मुलगा कमावता आहे, घर मोकळं आहे.

उरलेल्या आठ हप्त्यांचे २ लाख वर्षाला पीपीएफमध्ये गेले तर? खात्याला दीड लाखाची मर्यादा, उरलेले पत्नीच्या खात्यात. एप्रिल २०२० पासूनचा ७.१ टक्के दर टिकला, तर त्या आठ हप्त्यांचेच तोवर जवळपास ४४ लाख होतात. पेड-अपचे पावणेनऊ लाख वेगळे. हवं तेव्हा थांबता येईल, लग्नाच्या वर्षी कमी भरता येईल. हा डिसेंबर त्यातलाच, यंदा ५०० रुपये भरलेत तरी खातं जिवंत राहतं.

बँकेतून फोन येईल. आयुर्विम्याच्या हप्त्यावरचाही जीएसटी आता माफ झाला, सोडू नका, असं सांगतील. तुमच्या हप्त्यावर ती बचत ४,५०० रुपयांची आहे. त्यासाठी १६ लाख अडकवू नका. १२ टक्क्यांचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश किंवा चिठ्ठी असेल तर जपून ठेवा आणि विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. उत्तर पटलं नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं, नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत. पैसे परत मिळतीलच असं नाही, पण तक्रार कराच.

टेलरचं शेवटचं. दिवाळीनंतर चांगले टेलर लग्नाची नवी ऑर्डर घेत नाहीत, तेव्हा कापड याच आठवड्यात घ्या आणि तिघांची मापं देऊन टाका. व्याह्यांचा सूट मात्र तुम्ही शिवू नका. सूटपीस आणि शिलाईचं पाकीट एकत्र द्या, साखरपुड्यालाच. त्यांचं माप त्यांच्या टेलरकडे असेल.