प्रिमला मारणारा बॉम्ब नक्की कोणाचा?

प्रश्न: ताई, हंगर गेम्सचा तिसरा भाग मॉकिंगजे काल रात्री संपवला आणि डोकं नुसतं भणभणतंय. नायिका कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम ज्या बॉम्बने मेली तो राष्ट्राध्यक्ष स्नोचा की आपल्याच लोकांचा, म्हणजे बंडखोरांचा? आणि स्नोच्या राजधानीतल्या, म्हणजे कॅपिटलच्या मुलांचे गेम्स (एकमेकांना मारायची ती स्पर्धा) भरवायला कॅटनिस चक्क हो म्हणते?? लेखिकेने असं अर्धवट का सोडलं?
– अकरावीतली एक वाचक

उत्तर: (ज्यांनी वाचलं नाहीये त्यांनी इथेच थांबा, सगळा शेवट फुटणार आहे.)

अगं, बॉम्बचं उत्तर बरंचसं पुस्तकातच आहे. आधी बॉम्ब लावलेली काही पॅराशूट फुटतात, मग जखमी मुलांना वाचवायला मेडिक धावतात आणि तेवढ्यात उरलेली फुटतात, हाच सापळा कॅटनिसचा मित्र गेल आणि तंत्रज्ञ बीटी बंडखोरांच्या तळावर, डिस्ट्रिक्ट १३ मध्ये बसून आखत होते आणि कॅटनिसने तो स्वतःच्या कानांनी ऐकलाय. त्यात प्रिम फक्त १३ वर्षांची, तिला ऐन लढाईत पाठवायला वरून कोणाची तरी परवानगी लागणारच ना, आणि सगळ्यात वर कोण तर बंडखोरांची प्रमुख कॉइन. स्नो सांगतो की हॉवरक्राफ्ट (बॉम्ब टाकणारं उडतं यान) हाताशी असतं तर मी पळूनच गेलो असतो, ते मला तरी पटतं. माझ्या मते ऑर्डर कॉइनचीच. पण बॉम्ब गेलचा होता का, हे खुद्द गेललाच माहीत नाही, तोच तसं सांगतो, आणि अख्खी गोष्ट कॅटनिसच्या तोंडून आहे म्हटल्यावर तिला जे कधी कळलंच नाही ते आपल्याला कसं कळणार. लेखिका सुझान कॉलिन्सचे वडील एअर फोर्समध्ये होते, व्हिएतनामच्या युद्धात गेलेले, त्यामुळे हे असं लटकत ठेवणं मला तरी मुद्दाम केलेलं वाटतं आणि खूप खरंही वाटतं.

कॅपिटलच्या मुलांच्या गेम्सवरच्या मतदानाचं म्हणशील तर ते पान परत वाच. पीटा, ॲनी, बीटी हे गेम्सचे जुने विजेते नाही म्हणतात, कॅटनिस 'प्रिमसाठी' म्हणून हो म्हणते, तिचा गुरू हेमिच तिच्या बाजूने जातो, आणि नंतर स्नोला मारायला दिलेला बाण ती कॉइनवर सोडते. कॉइनला संशय येऊ नये म्हणून दिलेलं मत आहे ते, मी तरी असंच वाचते. हेमिच का साथ देतो हे कळायला २०२५ मध्ये आलेलं सनराइज ऑन द रीपिंग वाच, त्याच्या स्वतःच्या गेम्सची गोष्ट आहे, खूप मदत होईल.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. कॅटनिस खोलीत कोंडलेली असताना तिकडे कॉइनला मारल्याबद्दलचा तिच्यावरचा खटला परस्पर संपतो, आणि लहानपणापासून तिच्यासोबत जंगलात शिकार करणारा गेल डिस्ट्रिक्ट २ मध्ये नोकरीला लागला एवढंच आपल्याला कळतं, नीट निरोपसुद्धा नाही! इथे मात्र मी पूर्णपणे तुझ्या बाजूने आहे, अजून एक चॅप्टर हवाच होता.