गुडघ्यातल्या एसीएलच्या (मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या, म्हणजे लिगामेंटच्या) ऑपरेशनमध्ये घातलेला स्क्रू आणि बटण नंतर काढावं लागतं का?

सहसा नाही. माझा गुडघा सांगलीत तालमीत गेला, ऑपरेशन मिरजेत झालं. दोन्ही अजून आतच आहेत. बटण म्हणजे टायटॅनियमची जेमतेम १२ मिलिमीटरची पट्टी. मांडीच्या हाडातल्या बोगद्यातून ती उभी ओढतात, बाहेर पडली की आडवी करतात. मग ती हाडावर अडते आणि तिच्या फासात नवं लिगामेंट लटकतं. खाली नडगीच्या हाडात स्क्रू. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकतात ना, तसाच. दोघांचं खरं काम लिगामेंट हाडात रुजेपर्यंतच, साधारण ८ ते १२ आठवडे. स्क्रूचं टोक कातडीखाली टोचायला लागलं, तर मात्र काढतात. विरघळणारे स्क्रूही मिळतात, पण त्यांना विरघळायला वर्षं लागतात. एमआरआयला टायटॅनियम सहसा चालतं, तरी आधी सांगा.