फाइल समोर दिसते, तरी टर्मिनल म्हणतं ‘नो सच फाइल’. असं का होतं?

बेळगावजवळच्या खानापूरचे दिसताय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं की विंडोजच्या लॅपटॉपवर बॅश स्क्रिप्ट (कमांडींची यादी असलेली फाइल) लिहिली, कॉलेजच्या उबुंटू, म्हणजे लिनक्सच्या मशीनवर नेली, सीएचमॉड करून तिला चालवायची परवानगी दिली, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांडी टाइप करायच्या खिडकीत, ./ लावून चालवली, तर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. एलएस मारून फोल्डरची यादी बघितली की फाइल तिथंच.

टर्मिनल खोटं बोलत नाही. त्याची तक्रार तुमच्या फाइलबद्दल नाहीच मुळी, त्याला बॅश, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, सापडत नाहीये. पहिल्या ओळीत #! च्या पुढं जो पत्ता असतो, तो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अक्षरशः वाचतो. विंडोजवरचे बरेच एडिटर ओळ संपवताना दोन न दिसणारी अक्षरं टाकतात: कॅरेज रिटर्न (क्रमांक १३) आणि लाइन फीड (क्रमांक १०). लिनक्सला ओळ संपवायला दहा नंबर पुरतो. उरलेला तेरा नंबर पत्त्याच्या शेपटीला चिकटून राहतो, आणि ‘बॅश अधिक तेरा’ नावाचा प्रोग्रॅम जगात कुठंच नसतो.

आपल्याकडं हे समजायला सोपं आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं. शेवटी एक वेलांटी वाढली, एवढंच. रिक्षावाल्याला दोन्हींतलं काहीही सांगा, तो न्यायचा तिथंच नेतो. पण संगणकातल्या यादीत एका नावानं शोधलं की दुसरं निघत नाही. कर्नल त्या यादीच्या जातीचा.

खात्री करायची तर कॅट या फाइल दाखवणाऱ्या कमांडला डॅश आणि मोठा ए लावून फाइल बघा. ओळीच्या शेवटी नुसतं $ दिसलं तर ठीक, त्याच्या आधी ^ आणि एम दिसला तर चोर तोच. डॉस-टू-युनिक्स नावाची कमांड एका फटक्यात साफ करते. व्हीएस कोड हा एडिटर वापरत असाल तर खाली उजव्या कोपऱ्यात ‘सीआरएलएफ’ लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करून ‘एलएफ’ निवडा, सेव्ह करा.

कुणीतरी सांगेल, “बॅश लिहून पुढं फाइलचं नाव दे, चालतंय.” नका करू. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्याचे संगणक बघायचो, तिथं मीच हा शहाणपणा केला होता. पहिली ओळ मग नुसती टिप्पणी ठरते, तिची तक्रार गप्प होते. पण तेरा नंबर बाकीच्या प्रत्येक ओळीत असतोच. सकाळी स्टोअरमधला पोरगा म्हणाला, “सर, बॅकअपचे फोल्डर दोन हायत की!” खरंच, एकाच नावाचे दोन. एका नावाच्या शेवटी तो अदृश्य पाहुणा बसलेला. कालचा बॅकअप कुठल्या फोल्डरात गेला हे हुडकण्यात माझी दुपार गेली.

‘परमिशन डिनाइड’ आलं तर गोष्ट वेगळी. स्क्रिप्ट पेनड्राइव्हवरूनच चालवत असाल तर आधी होम फोल्डरमध्ये कॉपी करा. पेनड्राइव्हचा फॉरमॅट बहुतेक वेळा फॅट किंवा एक्सफॅट असतो, त्यावर सीएचमॉडचं काही चालत नाही. आणि ‘कमांड नॉट फाउंड’ म्हणजे बऱ्याचदा ./ राहिलं, चालू फोल्डरात लिनक्स आपणहून शोधत नाही. नेमकं कळत नसेल तर स्क्रिप्ट फसल्याबरोबर इको, त्यापुढं जागा सोडून $? असं मारा, निकालाचा नंबर दिसेल. १२६ आलं तर फाइल मिळाली पण चालवता आली नाही, १२७ आलं तर काहीतरी मिळालंच नाही. तुमच्या बाबतीत मला १२६ किंवा १२७, दोन्हींपैकी काहीही आलं तरी नवल वाटणार नाही, बॅशच्या आवृत्तीप्रमाणे बदलतं ते. म्हणून आधी कॅटच करा.