सर्वेचा महिना आधी ठरवा

सिंधुदुर्गातल्या चार वाड्यांत बीपी, शुगर आणि तापाच्या आजारांचा घरोघर सर्वे करायचाय, प्रश्नावली कशी असावी, असं तुम्ही विचारलंय. प्रश्नावली नंतर बघू. जाणार कुठल्या महिन्यात?

माझा पहिला सर्वे जुलैत होता. भातलावणी जोरात, दारांना कड्या. घरी सापडली ती म्हातारी माणसं नि गुडघेदुखीवाले. बीपीचे पेशंट इतके निघाले की आम्हीच घाबरलो! गणपतीत गेलात तर घरं भरलेली, पण समोर बसलेला चाकरमानी गावचा धरायचा की मुंबईचा? वर्षातले निदान सहा महिने इथे राहणाराच घ्यायचा, अशी काहीतरी अट आधीच कागदावर आणा.

तापाचं वेळापत्रक आणखी वेगळं. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, पावसातला: उंदराचं मूत शेतातल्या पाण्यात, तिथून पायाच्या चिरांतून अंगात. गोचीड चावून होणारा माकडताप साधारण जानेवारी ते मे; काजूच्या हंगामात माणूस रानात, आणि गोचिडीची पिल्लंही तेव्हाच पाचोळ्यात. २०१६ पासून दोडामार्गाकडच्या लोकांना तो चांगलाच ठाऊक आहे. नोव्हेंबरात एकच फेरी मारून 'गेल्या महिन्यात ताप आला होता का' विचारलंत, तर अहवालात माकडताप नसेलच.

ताप सुरू झाला ती तारीख लिहाच. लेप्टोची आयजीएम चाचणी रक्तातली प्रतिपिंडं शोधते, ती पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते. दुसरा नमुना १० ते १४ दिवसांनी घ्यावा लागतो. त्यासाठी परत जायची सोय हवी, म्हणजे आशाताईंशी आधी बोलणं आलं.

आता प्रश्नांचं. 'तंबाखू खाता का?' याला बोटावर मशेरी असलेली बाईसुद्धा 'नाय' म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. मशेरीचं नाव घेऊन विचारा. शुगरवाल्याला दोन आठवड्यांवरचा खोकला विचारायला विसरू नका, मधुमेहात टीबीचा धोका दोन-तीन पट असतो.

पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) चढून आलेल्याचं बीपी लगेच घेऊ नका. पाच मिनिटं बसवा, दोनदा मोजा. आणि उपाशीपोटीची शुगर हवी तर 'काही खाल्लंत का?' एवढ्यावर थांबू नका, 'चहा झाला का?' हे वेगळं विचारा. आपल्याकडे चहा खाण्यात धरत नाहीत.